चेंडू हातात नसेल तर वाट सोड



या पानावर नेहमी ताप, जुलाब, रक्तदाब, मुलांच्या लसी असे विषय असतात. या वेळी एका खेळाच्या नियमाबद्दल लिहिते आहे. खेळाचा नियम आरोग्याच्या पानावर कशाला, असं कोणी विचारेल. आमच्या वस्तीत गेल्या तीन महिन्यांत जे झालं ते आधी सांगते.

मुलगी तेरा वर्षांची, आठवीतली. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील हमाली करतात. पोरीचा हात चांगला आहे, लांबून आलेला चेंडू सोडत नाही, म्हणून शाळेनं तिला चौदा वर्षांखालच्या सॉफ्टबॉल संघात घेतलं आणि तिसऱ्या बेसवर उभं केलं. सामन्याच्या दिवशी सरांनी एकच सांगितलं, ''बेसवरनं हलायचं नाही. पोरगी आली की आडवी उभी राहा, तिला बेस दिसलाच नाही पाहिजे.'' पोरीनं तसंच केलं. समोरची धावणारी मुलगी दुसऱ्या बेसवरून सुटली, लांबून चेंडू यायला अजून वेळ होता, आणि ही बेसच्या पुढं पाय रोवून उभी. ती घसरत आली ती सरळ हिच्या घोट्यावर. दोघी पडल्या. तेवढ्यात चेंडू आला, हिनं पडल्या पडल्या उचलून धावणारीला लावला. सगळा संघ ''आऊट, आऊट'' म्हणून नाचायला लागला. पंचांनी मात्र डावा हात आडवा धरून मूठ वळलेली होती. त्यांनी खेळ थांबवून धावणारीला तिसरा बेस बहाल केला. पुढच्याच फटक्यावर ती घरी पोचली आणि सामना एका धावेनं गेला.

पोरगी लंगडत बाहेर आली तर तिच्याकडं बघायला कोणी मोकळं नव्हतं. पंच चुकले म्हणून सगळे भांडत होते, आणि नंतर हिच्यामुळं हरलो म्हणून हिच्यावर रुसले. सर म्हणाले, ''खेळ म्हटलं की लागणारच.'' संध्याकाळी आईनं हळद-तुरटीचा गरम लेप लावला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी हाड बसवणाऱ्याकडं नेलं. त्यानं पाय ओढून, चोळून, कामटी बांधून दिली. पोरगी किंचाळली म्हणे, पण ''बसलं हाड'' असं ऐकून आई घरी आली. नवव्या दिवशी ती माझ्याकडं आली. ''ताई, पोरीचा पाय बघा की जरा, रातभर कण्हतीया.''

मी तीस वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात. पाय बघितला आणि म्हटलं, आधी एक्स-रे. घोट्याच्या वरच्या बाजूला, हाडाच्या वाढीच्या चकतीत मोड निघाली, थोडी सरकलेली.

ही वाढीची चकती म्हणजे काय ते समजून घ्या, कारण तुमच्या घरातल्या प्रत्येक वाढत्या मुलाला ती आहे. लांब हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेचा एक पट्टा असतो, तिथं नवीन हाड तयार होतं आणि मूल उंच होतं. मुलींमध्ये चौदा-पंधरा वर्षांपर्यंत, मुलांमध्ये त्याहून दोनेक वर्षं जास्त, हा पट्टा उघडा असतो. मोठ्या माणसाचा पाय मुरगळला की सांध्याच्या शिरा, म्हणजे अस्थिबंध, ताणले जातात. लहान मुलात ते अस्थिबंध या मऊ पट्ट्यापेक्षा भक्कम असतात. त्यामुळं ज्या धक्क्यानं आईचा नुसता पाय मुरगळेल, त्याच धक्क्यानं लेकीची वाढीची चकती मोडू शकते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सूज आणि काळं-निळं.

सरकलेली चकती पहिल्या काही दिवसांत डॉक्टर भूल देऊन हळुवार जागेवर आणू शकतात. आठ-दहा दिवस गेले की ओढाताण करण्यातच त्या पट्ट्याला इजा होण्याची भीती असते. म्हणून आमच्या पोरीचा पाय आहे तसा प्लास्टरमध्ये घातला आणि डॉक्टरांनी सांगितलं की काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून वाढ सरळ होते का ते बघावं लागेल. आईनं मला एकच विचारलं, ''पाय आखूड व्हायचा न्हाई न्हवं?'' मी नाही म्हणून सांगू शकले नाही.

पण पोरीचा प्रश्न वेगळाच होता. प्लास्टर ओलं असतानाच तिनं विचारलं, ''मावशी, ती आऊट होती की नव्हती?''

ती आऊट नव्हती, आणि पंच बरोबर होते. माझी धाकटी मुलगी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळली, आता शालेय सामन्यांत पंच म्हणून उभी राहते. खालचा नियमाचा भाग तिच्याकडून तपासून घेतला आहे.

नियम काय म्हणतो

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा चुलतभाऊ. १८८७ साली अमेरिकेत शिकागोमध्ये जन्मला. पटांगणावर चौकोन असतो, त्याच्या चार कोपऱ्यांना बेस. एका बेसपासून दुसरा ६० फुटांवर. चेंडू मारायचा आणि पहिला, दुसरा, तिसरा करत परत घरच्या बेसला यायचं, की एक धाव. क्षेत्ररक्षण करणारा संघ चेंडू आणून धावणारीला लावतो, किंवा ती पोचायच्या आत चेंडू घेऊन बेसला पाय लावतो. मुलींचे सामने १९९६ पासून २००८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होते, टोकियोत पुन्हा झाले, २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये परत आहेत. आपल्याकडं शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट असतात.

आता अडवणूक. मैदानावर पंच याला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात. क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुलीच्या हातात चेंडू नाही, फटक्यातून आलेला चेंडू ती पकडत नाही, आणि तरी ती धावणारीच्या वाटेत आहे, त्यामुळं धावणारीला थांबावं लागलं, वेग कमी करावा लागला किंवा वळसा घ्यावा लागला, तर ती अडवणूक. अंगाला अंग लागायलाच पाहिजे असं नाही. धक्का लागला नाही म्हणजे गुन्हा नाही, असं पुष्कळ पालकांना वाटतं, ते चूक आहे. चेंडू नसताना खोटा खोटा ग्लोव्ह पुढं करून धावणारीला घाबरवणं, घसरायला लावणं, हीसुद्धा अडवणूकच.

पूर्वी एक सूट असायची. चेंडू अगदी आलाच आहे, हातात पडणारच आहे, अशा वेळी उभं राहिलं तर चालायचं. मग ''आलाच होता'' म्हणून वाद व्हायचे आणि धडकाही व्हायच्या. ही सूट काढून टाकली गेली. आता चेंडू हातात पाहिजे. वाटेत आहे, हवेत आहे, बोटांना लागून निसटला, हे काही चालत नाही. जुन्या काळी खेळलेले काही सर अजून तीच जुनी समजूत मुलांना शिकवतात, आणि मला वाटतं आमच्या पोरीच्या बाबतीत हेच झालं. वाईट हेतू नसेलही. पण नियमाचं पुस्तक पुन्हा उघडायला किती वेळ लागतो?

दोन गोष्टी उलट्या बाजूनंही लक्षात ठेवायच्या. चेंडू हातात आला की बेस अडवायला पूर्ण मोकळीक आहे, तेव्हा धावणारीनं तिला बाजूनं चुकवायचं किंवा घसरून जायचं. उभ्या अंगानं तिच्यावर जाऊन आदळायचं नाही. चेंडू घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूवर जो मुद्दाम आदळतो तो बाद होतो. आणि फटक्यातून जमिनीवरून आलेला चेंडू पकडायला एखादी मुलगी वाटेत आली असेल, तर वाट तिची. तिथं धावणारीनं अडथळा आणला तर धावणारी बाद, त्याला इंटरफिअरन्स म्हणतात. घरी मुलीला विचारून बघा. वाट कधी हिची आणि कधी तिची, एवढं तिला सांगता आलं तरी अर्धं काम झालं.

पंचांच्या त्या डाव्या मुठीचा अर्थ आता. अडवणूक दिसली की पंच लगेच खेळ थांबवत नाहीत. डावा हात आडवा पसरून मूठ धरतात, म्हणजे ''मी पाहिलं आहे, पण खेळ चालू द्या.'' ज्या मुलीला अडवलं ती ज्या दोन बेसच्या मध्ये अडवली गेली, त्या दोन बेसच्या मध्ये तिला बाद करता येत नाही. तिला चेंडू लावला तर त्या क्षणी खेळ थांबतो, आणि अडवलं नसतं तर ती कुठपर्यंत गेली असती याचा अंदाज घेऊन पंच तिला तो बेस देतात. आमच्या सामन्यात ती दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये अडवली गेली होती, सहज तिसऱ्यावर पोचली असती, म्हणून तिसरा मिळाला.

इथं एक गैरसमज फार आहे. अडवलं की आपोआप पुढचा बेस मिळतो, असं नाही. समजा मुलीनं फटका मारून पहिला बेस ओलांडला, वळताना तिथं उगाच उभ्या असलेल्या मुलीला धडकली, आणि तरी पुढं पळाली. दुसऱ्याच्या अलीकडं तिला चेंडू लागला. ती बाद होणार नाही. पण धडकली नसती तरी ती दुसऱ्यावर पोचली नसती असं पंचांना वाटलं तर तिला पहिल्यावर परत पाठवतील. आणि अडवलेल्या मुलीला सगळंच माफ असतं असंही नाही. तिनं बेसला पाय लावायचा राहिला, पुढच्या धावणारीला ओलांडलं किंवा स्वतःच कोणाला अडथळा केला, तर ती बाद होते. पंचांनी ठरवून दिलेल्या बेसच्या पुढं ती आपल्या हिमतीवर धावते.

आपली मुलं वाट का अडवतात

आमच्या पोरीला दोष देताना हेही बघा की ती लहानपणापासून काय खेळली. आट्यापाट्या. त्यात पाटीवर उभं राहून कोंडी करायची, दोन्ही हात पसरून वाट अडवायची, तोच तर खेळ. कबड्डीत चढाई करणाऱ्याला परत जाऊ द्यायचं नाही, पाय धरा, साखळी करा, अंगावर पडा. कोल्हापुरातल्या पोरांच्या अंगात तर फुटबॉल आहे. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघितलेल्या कुठल्याही माणसाला माहीत आहे की बॉल पायाजवळ असताना अंग आडवं घालून राखणं हे कसब मानतात. पण तिथंसुद्धा बॉल लांब असताना नुसतं माणसाला अडवलं तर शिट्टी वाजते. सॉफ्टबॉल त्याच्या पुढं जातो, चेंडू प्रत्यक्ष हातात पाहिजे म्हणतो. म्हणजे आपली मुलं जे अंगी बाणवून येतात त्याच्या नेमकं उलट इथं करायचं असतं. हे कोणी तोंडानं सांगितल्याशिवाय आणि दहा वेळा करून घेतल्याशिवाय पोरीच्या पायाला कळत नाही.

मग उभं कुठं राहायचं? बेसच्या मागं किंवा बाजूला, दोन पायांत अंतर ठेवून, गुडघे सैल. धावणारी ज्या बाजूनं येते ती बेसची कड तिला दिसली पाहिजे. चेंडू हातात पडला की मग ग्लोव्ह खाली नेऊन बेसच्या पुढं धरायचा. धावणारीचा पाय आपोआप ग्लोव्हवर येतो. माझी मुलगी पोरींना सांगते, ''पाय आडवा घालू नको, ग्लोव्ह आडवा घाल.'' घरच्या बेसवर कॅचर असते, तिनं बेसच्या पुढं मैदानाच्या बाजूला उभं राहायचं आणि धावणारीला बेसचा तुकडा मोकळा ठेवायचा. चेंडू दुसरीकडं गेला असेल तर पहिल्या बेसवरच्या मुलीनं बघत उभं राहायचं नाही, आतल्या कोपऱ्यावरून बाजूला व्हायचं. वळणारी मुलगी तिथूनच येते आणि बहुतेक धडका तिथंच होतात. कोणी मुद्दाम करत नाही, नुसतं चेंडूकडं बघत राहतात.

पहिल्या बेसवर जगभर दुहेरी बेस वापरतात. अर्धा पांढरा, अर्धा नारिंगी. पांढरा क्षेत्ररक्षण करणारीचा, नारिंगी बाहेरच्या बाजूला, पळत येणारीचा. एकाच पंधरा इंची चौकोनावर दोन मुलींचे पाय पडू नयेत म्हणून. आपल्याकडं शाळेच्या मैदानावर तो असेलच असं नाही. नसेल तर नारिंगी रंगाचं पोत्याचं तुकडंसुद्धा चालेल, सराव तरी होतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात मिशिगनच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट करून बघितली. जमिनीत घट्ट रोवलेल्या बेसऐवजी जोरात पाय लागला की सुटून येणारे बेस बसवले. दोन्हीकडं सहाशेहून जास्त सामने झाले. घट्ट बेसवर घसरताना ४५ जणांना दुखापत झाली, सुटणाऱ्या बेसवर दोघांना. मोठ्या माणसांच्या बेसबॉलमध्येही असंच झालं. २०११ च्या मे महिन्यात बस्टर पोझी नावाच्या नामांकित कॅचरचा घरच्या बेसवर धडकेत पाय मोडला, तो उरलेला हंगाम बाहेर राहिला, आणि २०१४ मध्ये तिथल्या व्यावसायिक बेसबॉलनंही नियम केला की हातात चेंडू नसताना कॅचरनं वाट अडवायची नाही आणि धावणाऱ्यानं वाट सोडून कॅचरवर चालून जायचं नाही. लाखोंनी पगार घेणाऱ्यांचे पाय मोडतात म्हणून नियम बदलतो. आपल्या पोरींसाठी तो नियम आधीपासूनच आहे, तो कोणीतरी पाळून घेतला पाहिजे एवढंच.

लागलंच तर

घसरताना पाय पुढं, एक पाय दुमडून खाली, हात वर. डोकं पुढं घालून झेप घेणं लहान मुलांना शिकवू नये. आपल्या मैदानांवर तांबड्या मातीत खडे असतात, म्हणून सरावाला आणि सामन्याला पूर्ण लांबीची पँट पाहिजे. खिळ्यांचे लोखंडी बूट या वयात नकोतच. खरचटलं तर वाहत्या पाण्यानं आणि साबणानं माती निघेपर्यंत धुवा, त्यावर राख, चुना, कॉफी पावडर काही घालू नका. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडीचं इंजेक्शन झालं आहे का ते मुलीच्या कार्डावर बघा, सरकारी दवाखान्यात ते फुकट आहे.

घोटा किंवा गुडघा दुखावला तर त्याच क्षणी खेळ बंद. ''दोन मिनिटांत बरं होईल, परत उतर'' हे ऐकायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. घरात फ्रीज नसेल तर बर्फगोळ्याच्या गाडीवर मिळतो, नाहीतर गार पाण्याचं ओलं फडकं. क्रेप बँडेज बांधायचं, पण बोटं निळी पडतील किंवा मुंग्या येतील इतकं घट्ट नाही. पाय उशीवर, छातीपेक्षा वर. पहिले दोन दिवस शेक नाही, गरम लेप नाही, चोळणं नाही. गरमानं आणि चोळण्यानं आतलं रक्त वाढतं आणि सूजही.

तालमीतल्या वस्तादांचा मी अपमान करत नाही. थकलेल्या स्नायूंना मालिश कसं द्यावं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण कातडीच्या आत वाढीची चकती सरकली आहे का, हे हातानं चाचपून मलाही कळत नाही, त्यांनाही नाही. एक्स-रेलाच कळतं. चार पावलं टाकता येत नसतील, घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडावर बोट दाबलं की दुखत असेल, पाय वेडावाकडा दिसत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. वाढत्या मुलाचं दुखणं नेमकं हाडाच्या टोकाशी असेल तर चालता येत असलं तरीसुद्धा दाखवा. आपल्याला सीपीआर जवळ आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतं. हलवता येत नसेल तर १०८.

गुडघ्याचं वेगळं. पडताना आतून ''टक्'' असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा भरून सुजला, आणि नंतर चालताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो, तर आतला अस्थिबंध तुटलेला असू शकतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. पाय रोवून, गुडघा ताठ ठेवून उभ्या असलेल्या मुलीला बाजूनं धडक बसली की हेच होतं. बेस अडवून उभी राहणारी मुलगी नेमकी तशीच उभी असते. उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, एका पायावर तोल, मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम, असं दहा-पंधरा मिनिटं खेळाआधी केलं तर धोका बराच कमी होतो. त्याला काही सामान लागत नाही.

डोक्याला मार बसला तर मुलगी बेशुद्ध झाली नाही म्हणून सुटलो, असं समजू नका. गोंधळल्यासारखी बोलते, तोच प्रश्न पुन्हा विचारते, डोळ्यांपुढं अंधारी येते, मळमळ, उजेड सहन होत नाही, यातलं काहीही असेल तर त्या दिवशी तिला परत मैदानात उतरवायचं नाही, मग सामना फायनलचा असो. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, गुंगी, एक बाहुली मोठी, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं येणं, असं काही दिसलं तर थांबू नका, सरळ दवाखाना. फटका मारणारीनं आणि धावणारीनं हेल्मेट घालायचं असतं, कॅचरनं जाळीचा मास्क, छातीचं आणि पायाचं कवच. शाळेनं हेल्मेट दिलं नाही तर ''कुठं आहे?'' असं विचारायला लाजू नका. आपण फुकट मागत नाही, तो नियम आहे.

खर्चाची भीती असते म्हणून घरी लेप लावला जातो, हे मला माहीत आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आधीच काढून ठेवा. रेशन कार्ड आणि आधार जवळ असू द्या. कोणता उपचार योजनेत बसतो ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, तो त्याच कामासाठी बसलेला असतो.

मैदान सोडायचं का

पोरीच्या आईनं सरळ सांगितलं, ''असलं खेळ आपल्याला नगंच बाई. पाय गेला तर लग्नाला कोण विचारणार?'' गल्लीतल्या आणखी दोघींनी आपल्या मुलींची नावं काढून घेतली. मी त्यांच्याशी भांडले, ते मान्य करते. आठवीतली पोरगी घराबाहेर पडून चौकोनावर उभी राहते, शहरातल्या मोठ्या शाळांच्या पोरींकडून चेंडू काढून घेते, ही साधी गोष्ट आहे का? खेळाची पातळी गाठली तर दहावीला क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. आणि हे काही नसलं तरी, पळणारी पोरगी ही आजारी पडणाऱ्या पोरीपेक्षा बरी. पाय वाचवायचा तर नियम शिकायचा, पोरीला घरात बसवून तो पाय कसा वाचणार ते मला कोणी सांगावं.

तेव्हा शाळेत जा. एकट्या जाऊ नका, तिघी-चौघी जा. सरांना आदरानं विचारा, ''सर, हातात चेंडू नसताना पोरींना कुठं उभं करता?'' उत्तर ''बेसवर'' असं आलं तर हा अंक दाखवा. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आणि बर्फ आहे का, लागलं तर दवाखान्यात कोण नेणार, पालकांना फोन कोण करणार, हेही विचारून घ्या. आमच्या पोरीच्या शाळेत आम्ही गेलो. सर आधी चिडले, मग पुस्तक मागवलं, वाचलं, आणि ''मला जुनंच माहीत होतं'' म्हणाले. माणूस वाईट नाही.

ऑक्टोबरपासून आम्ही रविवारी वंदना झाली की विहारासमोरच्या मोकळ्या जागेत चुन्यानं चौकोन आखतो. साठ फूट जागा नाही, पस्तीसच आहे. सिमेंटच्या पोत्यांचे पंधरा इंची चौकोन कापून बेस केलेत, पाय लागला की आपसूक सरकतात. चेंडू टेनिसचा. नऊ-दहा पोरी आणि चार पोरं येतात. एक पळते, एक बेसजवळ उभी, एक लांबून चेंडू टाकते, आणि बघायचं एवढंच की चेंडू हातात यायच्या आत कोण वाटेत येतं. पहिल्या रविवारी जवळजवळ सगळ्याच आल्या. आता तिसरा महिना चालू आहे आणि क्वचित एखादी येते.

नाव काढून घेतलेल्या दोघींपैकी एकीची मुलगी परत यायला लागली आहे. आमच्या पोरीचं प्लास्टर निघालं, पाय अजून थोडा अखडलेला आहे, पुढचा एक्स-रे मार्चमध्ये आहे. खेळू द्यायचं की नाही ते एक्स-रेनंतर बघू, असं आई म्हणते. तोवर पोरगी विहाराच्या पायरीवर बसते. कोणी चेंडूशिवाय बेसपुढं आलं की काही बोलत नाही, डावा हात आडवा करून मूठ धरते, आणि खेळ चालू राहतो.